पत्ते अनेक, जागा एक

मागच्या भागात आपण पाहिलं, की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मध्यवर्ती भाग, प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र आभासी पत्ते देतो आणि पेज टेबल त्या पत्त्यांची सांगड प्रत्यक्ष मेमरीतल्या चौकटींशी घालतं. हा व्यवहार पानापानाने चालतो; एक पान साधारणपणे 4096 बाइटचं. या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, याचं नेहमीचं उत्तर असं, की मेमरी आहे त्याहून मोठी भासते. उगमाच्या दृष्टीने ते खरं आहे. 1962 साली मँचेस्टरमध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकात पानांची पद्धत आली, ती तोकडी मुख्य मेमरी आणि मोठा चुंबकीय ड्रम एकसंध वापरता यावेत म्हणूनच. पण आज मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या बाजारातून घेतलेला कमी मेमरीचा फोन दहा ॲप सांभाळतो, तो या आभासाच्या जोरावर नव्हे. अँड्रॉइड फोन ॲपची चालू माहिती फ्लॅश साठवणीवर सहसा ढकलत नाही, कारण सततच्या लिहिण्याने ती झिजते. माझं म्हणणं असं, की पेज टेबलची आजची खरी कमाई आहे ती सामायिक वापर : एकच जागा अनेकांनी वापरायची, आणि तरीही कुणी कुणाच्या हद्दीत शिरायचं नाही.

याचा पुरावा सौंसरच्या कोणत्याही मराठी माणसाच्या फोनमध्ये सापडेल. घरात मराठी, सरकारी कागद हिंदीत, हा इथला रिवाज. एका ॲपमध्ये नात्यातल्यांचा मराठी निरोप, दुसऱ्यात हिंदी बातमी. दोन्हीकडची अक्षरं बहुधा नोटो सान्स देवनागरी या एकाच फाँटमधून येतात, कारण अँड्रॉइड फाँट निवडतो तो लिपी पाहून. ही फाइल प्रत्येक ॲपसाठी वेगळी उतरवून घेतली जात नाही. कर्नल ती मेमरीत एकदाच ठेवतो आणि प्रत्येक ॲपच्या पेज टेबलमध्ये त्याच चौकटींकडे नेणाऱ्या नोंदी करतो. शिवाय पूर्ण फाइलही आणत नाही. ज्या पानाला हात लागला तेवढंच आणतो. ॲपच्या जन्माचीही हीच तऱ्हा. फोन सुरू होताना झायगोट नावाची एक प्रक्रिया सर्वांना लागणारा कोड आणि साहित्य आधीच भरून ठेवते आणि पुढचं प्रत्येक ॲप तिच्यातून फुटून निघतं. त्या क्षणी मजकुराची नक्कल होत नाही. दोघांच्या नोंदी त्याच पानांकडे जातात आणि त्यांवर ‘फक्त वाचा’ अशी खूण असते. कुणी लिहायला गेलं, की प्रोसेसर अडवतो, कर्नल तेवढ्या एका पानाची प्रत काढून देतो आणि काम पुढे चालू राहतं. जे पान कुणीच बदललं नाही, त्याची दुसरी प्रत कधी बनतच नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. 39 बिटांच्या पत्त्यांत 512 जीबीचा विस्तार मावतो. त्यातल्या प्रत्येक पानाची आठ बाइटची नोंद सलग मांडली, तर एकेका प्रोग्रॅमचं नुसतं टेबलच 1 जीबीचं होईल. म्हणून टेबल तीन-चार पायऱ्यांचं करतात; जो प्रदेश वापरात नाही, त्याच्या खालच्या पायऱ्या बांधायच्याच नाहीत. मग जागा वाचते, पण दर वेळी पायऱ्या उतरायला वेळ जातो. त्यावर उपाय म्हणून प्रोसेसर अलीकडच्या नोंदी टीएलबी या छोट्या साठ्यात जवळ ठेवतो. खरी अवघड गोष्ट शोधणं नव्हे, बदलणं आहे. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाडा जिल्ह्यातून निघून नवा पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा संत्र्याची एकही बाग जागची हलली नाही. बदलली ती नोंद. पण जुन्या जिल्ह्याचं नाव असलेले कागद ठिकठिकाणी उरतात आणि प्रत्येक दुरुस्त होईपर्यंत घोटाळ्याला वाव राहतो. पेज टेबलचंही तसंच : कर्नलने एक नोंद बदलली, की प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याच्या टीएलबीतली जुनी नोंद रद्द झाल्याखेरीज ती चौकट दुसऱ्याला देता येत नाही. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरवर त्यासाठी बहुधा एक गाभा बाकीच्यांना काम थांबवायला लावतो. एआरएमवर एक खास आज्ञा सगळ्यांना एकदम कळवते. हा खर्च खराच आहे, पण तो नोंद बदलताना पडतो. फाँटचं पान वाचणं हजारो वेळा घडतं, त्याची नोंद बदलणं क्वचित. हिशेब सामायिक वापराच्याच बाजूने झुकतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो : वाटून घेतलेल्या जागेत एक चूक सर्वांना भोवते. ऑक्टोबर 2016 मध्ये लिनक्समधला ‘डर्टी काऊ’ हा दोष उघड झाला. प्रत काढणं आणि नोंद बदलणं यांमधल्या निसटत्या क्षणाचा फायदा घेऊन सामान्य वापरकर्ता ‘फक्त वाचा’ खुणेच्या पानावर लिहू शकत होता. हा दोष 2007 पासून कर्नलमध्ये होता आणि अँड्रॉइडलाही लागू पडत होता. नऊ वर्षं तो राहिला, ही गोष्ट हलक्याने घेण्यासारखी नाही. पण उपाय म्हणून कुणी सामायिक पानं मोडीत काढली नाहीत. त्या क्षणाची फट बुजवली. प्रत्येक ॲपला सगळ्याची स्वतंत्र प्रत द्यायची, तर कमी मेमरीचे फोन आधी निकामी होतील, आणि ते ज्यांच्या हातात आहेत त्यांना महागडा फोन घ्या म्हणून सांगणं, हे मला उत्तर वाटत नाही.

वाचकांनी एक आकडा मात्र जपून वाचावा. अँड्रॉइड एखाद्या ॲपची मेमरी मोजताना बहुधा पीएसएस हे माप वापरतो. त्यात सामायिक पान जितक्या प्रक्रियांत वाटलेलं असेल, तितक्या भागांत विभागून धरतात. त्यामुळे एक ॲप बंद केलं, तरी त्याच्या नावावरची सगळी मेमरी मोकळी होत नाही. सामायिक पानांचा भार उरलेल्यांच्या खात्यात जातो.