मोहफुलांचा ग्रॅनोला

ओट्सचं पाकीट गडचिरोलीतही मिळतं. पण धानाच्या मुलखात सकाळच्या वाडग्यात जाडे पोहे का नसावेत? भाजलेलं धान्य, तेलबिया आणि त्यांना धरून ठेवणारा गोडवा, ग्रॅनोला म्हणजे एवढंच. 1863 मध्ये अमेरिकेत डॉ. जेम्स जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामासाठी केलेला ‘ग्रॅन्युला’ तर इतका टणक होता, की रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसे. आमच्याकडे मोहफुलं भाजून, तिळासोबत कुटून लाडू वळतात. ते दातांवर बरीच दया करतात.

खरी मेहनत मोहफुलं निवडण्यात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटपणारी रसाळ, फिकट पिवळी फुलं उन्हात वाळून मनुकांसारखी तपकिरी होतात. पण प्रत्येक फुलाच्या पोटात केसांसारखे राठ पुंकेसर असतात. ते राहिले तर घशात टोचतात. कडक उन्हात तापवून फुलं तळहातांवर चोळायची, सुपात पाखडायची, आणि तरीही उरलेले बोटांनी काढत बसायचं. झाडाखालचा पाला जाळून फुलं वेचली असतील, तर राख चिकटलेली असते. त्या जाळण्यातून वणवे पेटतात ते वेगळंच. म्हणून जुनी साडी अंथरून वेचलेली फुलं मिळाली, तर मी दोन पैसे जास्त देते.

निवडलेल्या दोन वाट्या फुलांपैकी एक वाटी पाण्यात मऊ शिजवून, गाळून, तो रस मंद आचेवर आटवायचा. बोटांना चिकटू लागला की पाक झाला. साखर, गूळ काही लागत नाही. मग चार वाट्या जाडे पोहे कोरडेच भाजायचे, चुरले तर कुरकुर वाजेपर्यंत. एक वाटी शेंगदाणे, अर्धी वाटी जवस, थोडे तीळ वेगवेगळे भाजायचे. जवस उडतो, तेव्हा झाकण हाताशी हवं. चारोळी महाग आणि भारी नाजूक, ती शेवटी नुसती गरम करायची. सगळं पाक, दोन चमचे तूप, सुंठ आणि चिमूटभर मिठात कालवून 150 अंशांवर वीसेक मिनिटं ओव्हनमध्ये, नाहीतर जाड बुडाच्या कढईत, मधूनमधून हलवत.

उरलेली वाटीभर फुलं चिरून ठेवायची आणि आच बंद झाल्यावरच मिसळायची. आधी घातली तर त्यांच्यातली साखर करपते, फुलं कडू आणि खड्यासारखी होतात. परातीत पसरून दाबलं की निवेपर्यंत उलथनं लावायचं नाही. गठ्ठे तेव्हाच धरतात.

पाहुणे वाडग्याकडे बघून हमखास विचारतात, ‘चढत नाही ना?’ त्यांचाही दोष नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी, चंद्रपुरात 2015 ते 2021 होती. मोहाचं नाव दारूलाच जोडलेलं. पण नशा आंबवण्यातून येते, सुक्या फुलात ती नसते. 2021 मध्ये राज्यानं मोहफुलांची वेचणी आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले, तेव्हा कुठे या खाण्याच्या वस्तूला खाण्याची वस्तू म्हणून बाजाराची वाट मोकळी झाली. आता शहरात चकचकीत पाकिटात ‘सुपरफूड’ म्हणून ती दिसते. भाव वेचणारणीपर्यंत किती पोचतो, हे पाकिटावर छापत नाहीत.

पावसाळ्यात मात्र ग्रॅनोला थोडाच करावा. मोह ओल धरतो, मऊ पडतो आणि आंबूस वास मारू लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभराचा पुरे. दुधापेक्षा घट्ट दह्यासोबत खावा, कारण मोहाचा गोडवा जरा उग्रच असतो.