पकिप्सीचा दगड

दिग्रसचं घर असो की कल्याणचं, दहनानंतर रक्षा नदीकडे जाते आणि ती कोणी न्यायची हे कुणाला विचारावं लागत नाही. तो मान सगळ्यांत जवळच्या माणसाचा. १८८७ साली डॉ. आनंदीबाई जोशींची रक्षा मात्र समुद्रापार गेली, अमेरिकेतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंकडे. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत, आजही आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.

ही ओळख झाली ती केवळ योगायोगाने. पत्नीला शिकवण्याच्या ध्यासाने गोपाळराव जोशींनी वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. धर्म बदलाल तर मदत करू, असा त्याच्या उत्तराचा सूर. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हतं. वाइल्डरने हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. धर्माची अट न घालता त्यांनी मदतीचा हात पुढे केला. मग पत्रं सुरू झाली. रीतिरिवाज, धर्म, बायकांचं जिणं, सगळे विषय त्यांत आले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कलकत्त्यात राहत असताना आनंदीबाईंना डोकेदुखी आणि ताप सोडेना, तेव्हा या मावशीने अमेरिकेहून औषधं पाठवली. दोघींनी तोवर एकमेकींचं तोंडही पाहिलं नव्हतं!

४ जून १८८३ रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. घ्यायला मावशी हजर होत्या. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली, पण क्षयाने गाठलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, पुण्यात त्या गेल्या.

मैत्रीची स्मारकं जगात आणखीही आहेत. केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजच्या चॅपेलमध्ये सर जॉन फिंच आणि सर थॉमस बेन्स या आजन्म मित्रांचं संगमरवरी स्मारक आहे. १६८१ साली बेन्स इस्तंबूलला वारले. तिथे राजदूत असलेल्या फिंचनी त्यांचा देह मसाले भरून मायदेशी आणला आणि पुढच्याच वर्षी ते स्वतःही त्यांच्या शेजारी विसावले. दोघांच्या मुखवट्यांमध्ये शिल्पकाराने दगडातच वस्त्राची गाठ कोरली आहे. बघणाऱ्याला ते नातं वेगळं सांगावं लागत नाही.

पकिप्सीच्या दगडावर अशी गाठ नाही. नाव, एम. डी. ही पदवी, जन्म-मृत्यूची सालं आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, एवढाच मजकूर. मैत्रिणीचा त्यात उल्लेख नाही. वाचणाऱ्याला वाटावं, ही एका पराक्रमाची नोंद आहे. पण दगड कुठे उभा आहे, तेही वाचायला हवं. कुटुंबाच्या दफनभूमीत परक्याला जागा मिळत नाही आणि आपल्या माणसाची रक्षा कोणी परक्याच्या हाती देत नाही. इथे दोन्ही घडलं. जोशींच्या घराने एका ख्रिस्ती बाईला आप्ताचा मान दिला आणि तिने एका हिंदू मुलीला आपल्या गोतात घेतलं. रोझेलहून आलेल्या पहिल्या पत्रात धर्माची अट नव्हती, ती शेवटपर्यंत आलीच नाही. या स्मारकाचं मोल त्यात आहे.