मातोश्री अहिल्याबाई : कीर्ती आणि प्रवाद

परळीच्या टेकडीवर वैद्यनाथाच्या पायऱ्या चढून जाणाऱ्या यात्रेकरूस, या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे निराळे सांगावे लागत नाही. बीड जिल्ह्याच्या सीमेलगतच्या जामखेड तालुक्यातील चौंडी गावी, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी, १७२५ साली त्यांचा जन्म झाला. ज्यांच्या नावामागे लोकांनी 'पुण्यश्लोक' हे विशेषण लाविले, त्यांच्यावरच एके काळी पुत्रघाताचा संशय घेतला गेला होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सासरे मल्हारराव यांच्या विनवणीमुळे अहिल्याबाईंनी सहगमनाचा निश्चय सोडला. १७६६ साली मल्हारराव वारले आणि दौलत नातू मालेराव याजकडे आली. मालेरावाची वृत्ती चंचल व क्रूर होती. ब्राह्मणांस दान द्यावयाच्या वस्त्रांत व जोड्यांत तो विंचू ठेवी, असे सांगत. एका कशिदा काढणाऱ्या कारागिरास त्याने केवळ संशयावरून ठार केले. तो निरपराध होता असे पुढे कळून येताच मालेरावास पश्चात्तापाने वेड लागले. मृताचे पिशाच्च त्याला झोंबले, असा सर्वांचा समज झाला. आई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून असे. देऊळ बांधीन, कुटुंबास उत्पन्न तोडून देईन, असे ती त्या पिशाच्चास विनवी. उपाय चालला नाही. १७६७ साली मालेराव गेला.

त्यानंतर कुजबूज सुरू झाली, की नालायक पुत्राचा काटा आईनेच काढविला. मध्य हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम याने पुढे या प्रवादाची मुद्दाम चौकशी केली आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अहिल्याबाईंस निर्दोष ठरविले. घटनाक्रमही तेच सांगतो. मालेरावाच्या मृत्यूने त्यांचे आसन बळकट न होता उलट डळमळले. दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तकाचा घाट घातला, राघोबादादा फौजेनिशी चालून आले. आणि माधवराव पेशव्यांनी पाठबळ दिले, तेव्हाच राज्य हाती राहिले.

लोककथेने याच प्रसंगाला दुसरे वळण दिले. मालेरावाच्या रथाखाली वासरू सापडले म्हणून आईने त्यास तशीच शिक्षा फर्माविली, पण खुद्द गाय आडवी आली, अशी ती कथा आहे. इंदूरच्या आडा बाजाराचे नावही तिच्याशी जोडतात. येथे हेतू स्तुतीचा आहे. परंतु निंदकाला आणि स्तुतिपाठकाला हवी आहे ती एकच गोष्ट : पोटच्या पोरावर हात उगारणारी आई. एकाने तिला पाप म्हटले, दुसऱ्याने न्याय.

खरी आई या दोहोंहून निराळी होती. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती निघाली, तेव्हाही तिने आर्जवे केली आणि तीही व्यर्थ गेली. महेश्वरी बसून जिने माळव्यास जवळजवळ तीस वर्षे स्वास्थ्य दिले, तिला स्वतःचे एकही अपत्य वाचविता आले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी तिचे देहावसान झाले. रयतेने तिला 'मातोश्री' म्हटले. त्या शब्दामागील हे दुःख जाणल्यास तिचे मोठेपण उणे होत नाही, उलट अधिकच जवळचे वाटू लागते.