मैदानावर घडलेले नियम : अमेरिकेतील कॉलेजांचा बेसबॉल आणि फुटबॉल



खेळाचे नियम कुठून येतात? मुलांना विचारा, "पुस्तकातून" असं उत्तर येईल. पण पुस्तकात छापले जाण्याआधी ते मैदानावर कुणीतरी वाद घालून, अडखळत ठरवलेले असतात. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कॉलेजांमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. तिथे सुरुवातीला सामने ठरवणारे आणि नियम करणारे विद्यार्थीच होते.

आधी बेसबॉल पाहू. १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पिट्सफील्ड इथे ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या कॉलेजांमध्ये पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. प्रत्येक बाजूला १३ खेळाडू होते आणि ॲमहर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी हीच दोन कॉलेजं बुद्धिबळाच्या पटावर भिडली!

बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उभा राहतो तो कॅचर. वेगाने येणारा चेंडू तोंडावर बसण्याची भीती त्यालाच जास्त. हार्वर्डच्या फ्रेड थेअर या विद्यार्थ्याने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून कल्पना घेऊन तारेची जाळी तयार केली. १८७७ मध्ये संघाचा कॅचर जेम्स टिंग ती घालून खेळला. पुढच्याच वर्षी थेअरला पेटंट मिळालं. म्हणजे अडचण मुलांची आणि उपायही मुलांचाच.

आता फुटबॉल. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांचा सामना झाला. प्रत्येक बाजूला तब्बल २५ खेळाडू! चेंडू हातात घेऊन पळायची परवानगी नव्हती. रटगर्स ६-४ ने जिंकलं. आठवड्याभराने झालेला परतीचा सामना प्रिन्स्टनने ८-० असा जिंकला. पुढे १८७४ मध्ये हार्वर्डचे विद्यार्थी कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाशी रग्बीच्या पद्धतीने खेळले. चेंडू घेऊन पळण्याचा तो प्रकार त्यांना आवडला, आणि अमेरिकन फुटबॉल त्याच वाटेने गेला.

इथे एक नवीच अडचण उभी राहिली. १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात एका संघाने पहिला अर्धा वेळ चेंडू नुसता आपल्याकडे दाबून ठेवला, दुसऱ्याने उरलेला अर्धा. निकाल ०-०, आणि प्रेक्षक कंटाळले. मग येलच्या वॉल्टर कॅम्पच्या पुढाकाराने १८८२ मध्ये नियम आला : तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू समोरच्या संघाला द्या. हे मोजण्यासाठी मैदानावर पट्टे आखावे लागले. आज दिसणारं अमेरिकन फुटबॉलचं पट्ट्यापट्ट्यांचं मैदान या नियमातून आलं आहे.

पण प्रत्येक नियमाला पळवाट असतेच. १८९२ मध्ये हार्वर्डने 'उडती पाचर' ही चाल आणली. खेळाडू दोन बाजूंनी पळत येऊन पाचरीसारखे एकत्र होत आणि प्रतिपक्षाच्या एकाच खेळाडूवर तुटून पडत. दुखापती वाढल्या. १८९४ चा हार्वर्ड-येल सामना तर इतका हिंसक झाला, की पुढची दोन वर्षं या कॉलेजांनी एकमेकांशी फुटबॉल खेळणंच थांबवलं. १८९७ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचा रिचर्ड व्हॉन गॅमन सामन्यात जखमी होऊन वारला. राज्याच्या विधिमंडळाने बंदीचं विधेयक मंजूर केलं. तेव्हा त्याच्या आईनेच पत्र लिहून कळवलं, की माझ्या मुलाच्या लाडक्या खेळावर त्याच्या मृत्यूमुळे बंदी येऊ नये. गव्हर्नरांनी विधेयकावर सही केली नाही.

बंदी टळली, तरी धोका तसाच राहिला. शेवटी १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून घेतलं. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. सगळ्यांनी एका जागी धडका देण्याऐवजी खेळ मैदानभर पसरावा, हा त्यामागचा हेतू.

यातून आपण काय घ्यायचं? मुलं नियम छान बनवतात, त्यांना बनवू द्यावेत. पण जिंकण्याच्या भरात इजा होऊ लागली, की मोठ्यांनी वेळेवर मध्ये पडायलाच हवं. अमेरिकेत मोठी माणसं उशिरा जागी झाली.

वर्गात एक उपक्रम करून पाहा. मुलांना गटात एखादा नवा खेळ तयार करायला सांगा, दोनदा खेळू द्या, आणि मग विचारा : "कोणता नियम बदलाल? का?" आणि हेही विचारायला विसरू नका : "यात कुणाला लागेल का?"