ऑनलाइन खेळांतील बॉट : समोरचा भिडू माणूस की यंत्र?

दिल्लीच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या गाझियाबाद शहरात केंद्रीय अन्वेषण विभागाची, म्हणजे सीबीआयची, अकादमी १९९६ पासून कार्यरत आहे. पोलिस संशोधन व विकास ब्युरोच्या अखत्यारीतील केंद्रीय गुप्तचर प्रशिक्षण संस्थाही याच शहरात आहे. देशभरातील तपास अधिकारी प्रशिक्षणासाठी येथे येतात. फसवणुकीच्या गुन्ह्याचा तपास करताना कोणी, कोणाला, कोणते खोटे आश्वासन देऊन पैसे घेतले हे प्रश्न अधिकाऱ्याला परंपरेने ठाऊक असतात. ऑनलाइन खेळांच्या बाबतीत मात्र त्याआधीच एक प्रश्न उभा राहतो. ज्याच्याशी डाव खेळला गेला तो प्रतिस्पर्धी मुळात माणूस होता काय?

हा प्रश्न केवळ मनोरंजनापुरता राहिलेला नाही. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांमुळे देशातील सुमारे ४५ कोटी लोकांना झळ पोहोचली असून २०,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम बुडाली आहे. त्यामुळे स्वयंचलित बॉटचा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच अर्थशास्त्राचा व कायद्याचाही ठरतो.

बॉटचे दोन प्रकार

मानवी हस्तक्षेपाशिवाय ठरावीक कृती आपोआप करणारी संगणकप्रणाली म्हणजे बॉट होय. बहुखेळाडू ऑनलाइन खेळांत बॉट अनेक कामे करतो. तो रात्रंदिवस आभासी नाणी गोळा करतो, नेमबाजीच्या खेळात अचूक नेम साधतो, पत्त्यांच्या डावात उतरलेली पाने लक्षात ठेवून पुढच्या पानाची शक्यता क्षणार्धात मांडतो. हे काम तो किती उत्तम करू शकतो, याची साक्ष जानेवारी २०१७ मध्ये मिळाली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रेटस' या प्रणालीने १,२०,००० डावांच्या लढतीत पोकरच्या चार व्यावसायिक खेळाडूंना पराभूत केले. २०१९ मध्ये 'प्लुरिबस' या प्रणालीने सहा जणांच्या पटावरही तीच किमया साधली.

तथापि, बॉट काय करतो यापेक्षा तो कोणाचा आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. एखाद्या खेळाडूने चोरून वापरलेला बॉट हा पहिला प्रकार. खेळ चालविणाऱ्या कंपनीनेच पटावर बसविलेला बॉट हा दुसरा. पहिल्या प्रकारात कंपनी व प्रामाणिक खेळाडू यांचे हित एकच असते. बॉट पकडणे कंपनीच्याही फायद्याचे असते. दुसऱ्या प्रकारात ते हित परस्परविरोधी होते. धोरणविषयक चर्चेत या दोहोंची सरमिसळ वारंवार होते आणि तेथेच उपायही चुकतात.

आभासी अर्थव्यवस्थेतील महागाई

पहिल्या प्रकारचे दुष्परिणाम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित वाटावेत असेच आहेत. मोठ्या बहुखेळाडू खेळांत स्वतंत्र चलन, बाजारपेठ आणि विनिमयदर असतात. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने २००१ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील आभासी जगाचा अर्थव्यवस्था म्हणून अभ्यास मांडला, तेव्हापासून हा विषय अभ्यासकांच्या नजरेत आहे. अशा जगात शत्रू मारला की नाणी मिळतात, म्हणजेच चलनाची निर्मिती होते. शस्त्रांची दुरुस्ती, शुल्क, कर यांद्वारे ते चलन पुन्हा काढून घेतले जाते. बॉट चोवीस तास नाणी मिळवू लागले की चलनाचा पुरवठा वस्तूंच्या तुलनेत बेसुमार वाढतो आणि किमती चढतात. परिमाण सिद्धांताचे इतके स्वच्छ उदाहरण प्रत्यक्ष अर्थव्यवस्थेत क्वचितच सापडेल! दिवसाकाठी तासभर खेळणाऱ्याची कमाई कवडीमोल होते. मग तोही नाणी विकत घेऊ लागतो आणि ती विकणारा बहुधा बॉटचाच मालक असतो.

याला बाह्य परिणामांचीही जोड मिळते. 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ चालविणाऱ्या आइसलँडच्या कंपनीने २००९ च्या जूनमध्ये बॉट वापरणारी सहा हजारांहून अधिक खाती एकाच मोहिमेत बंद केली. ही खाती एकूण सक्रिय खात्यांच्या सुमारे दोन टक्केच होती. पण ती जाताच प्रतिखेळाडू संगणकीय भार सुमारे ३० टक्क्यांनी उतरला, असे कंपनीने सांगितले. म्हणजे दोन टक्क्यांनी केलेल्या वापराचा खर्च उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के खेळाडू संथ सेवेच्या रूपाने सोसत होते. दक्षिण कोरियाने २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून खेळात लबाडी करणाऱ्या प्रणाली बनविणे व वितरित करणे हा गुन्हा ठरविला, त्यामागे हाच विचार होता.

पंच जेव्हा खेळात उतरतो

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. त्याची सुरुवात मात्र निरुपद्रवी गरजेतून होते. पहाटे तीन वाजता चार जणांच्या पटावर तीनच खेळाडू असतील तर डाव सुरू होत नाही; वाट पाहून कंटाळलेला खेळाडू निघून जातो. म्हणून कंपनी रिकाम्या जागी बॉट बसविते. विनामूल्य खेळांत यात गैर काही नाही. 'पबजी'च्या संगणक आवृत्तीत २०२० मध्ये बॉट आणले गेले, ते जाहीर करूनच. नवी मुंबईतील कंपनीने तयार केलेल्या 'लुडो किंग' या खेळात संगणकाविरुद्ध खेळण्याचा पर्याय स्वतंत्र व उघड आहे. खेळणाऱ्याला आपण कोणाशी खेळतो हे ठाऊक असते.

पैशाच्या खेळात मात्र हिशेब पूर्णपणे बदलतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार खेळाडू प्रत्येकी १०० रुपये लावतात. जमलेल्या ४०० रुपयांतून कंपनी १५ टक्के, म्हणजे ६० रुपये, दलाली घेते व ३४० रुपये विजेत्यास देते. कोण जिंकतो याच्याशी कंपनीला कर्तव्य नसते. ती खरोखरच पंचाच्या भूमिकेत असते. आता चौथ्या जागी कंपनीचा बॉट बसला असे समजू. त्याचे १०० रुपये हा केवळ हिशेबातील आकडा असतो. चार डावांत तीन माणसे मिळून १,२०० रुपये लावतात. बॉट इतरांइतकाच कुशल असेल तर तो चारांपैकी एक डाव जिंकेल. माणसांना तीन डावांचे १,०२० रुपये मिळतील व कंपनीकडे १८० रुपये, म्हणजे पुन्हा १५ टक्केच, उरतील. परंतु बॉट चारांपैकी दोन डाव जिंकू लागला, तर माणसांच्या हाती ६८० रुपये येतील आणि कंपनीकडे ५२० रुपये राहतील. प्रत्यक्ष दलाली १५ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर जाईल. पडद्यावर मात्र '१५ टक्के' हाच आकडा झळकत राहील.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन मांडलेल्या आणि पुढे २००१ च्या नोबेल पुरस्काराने गौरविल्या गेलेल्या माहितीच्या विषमतेच्या सिद्धांताचे हे थेट उपयोजन होय. प्रामाणिक व अप्रामाणिक पट बाहेरून एकसारखे दिसत असतील, तर प्रामाणिक कंपनीला प्रामाणिकपणाचे मोल मिळत नाही. येथे तर विषमता मोटारीपेक्षाही खोल आहे. मोटार वापरताना तिचे दोष यथावकाश कळतात. हरलेल्या डावातून मात्र समोर कोण होते हे कधीच कळत नाही. हरणारा आपल्याच कौशल्याला दोष देतो आणि अधिक सरावासाठी पुन्हा पैसे भरतो.

भारतात हा प्रश्न नोव्हेंबर २०२५ मध्ये ठळकपणे पुढे आला. सक्तवसुली संचालनालयाने 'विन्झो' या कंपनीविरुद्ध काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई करताना, ग्राहकांना कल्पना न देता त्यांना पैशाच्या खेळांत मानवी खेळाडूंऐवजी संगणकप्रणालींशी खेळविले गेले, असा आरोप केला. हा तपास यंत्रणेचा आरोप आहे, न्यायालयाचा निष्कर्ष नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही अशा आरोपाची शहानिशा कोणत्या कसोट्यांवर करावयाची, हा प्रश्न त्यामुळे टाळता येण्याजोगा राहिला नाही.

कौशल्याच्या निकषाचे काय?

भारतीय कायद्याने दीर्घकाळ कौशल्याचा खेळ व नशिबाचा खेळ असा भेद मानला. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला' या शब्दकोडी स्पर्धांच्या खटल्यात जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाकारले. १९६८ च्या सत्यनारायण खटल्यात सिकंदराबाद येथील एका क्लबातील रमीचा विचार करताना, कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते व पाने राखण्या-टाकण्यात कसब लागते, म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला. ऑनलाइन कंपन्यांचा बचाव पुढे याच निकालावर उभा राहिला.

त्या निकालातील पट हा माणसांचा होता. स्मरणशक्ती हेच कौशल्य असेल, तर प्रत्येक पान लक्षात ठेवणाऱ्या यंत्रापुढे मानवी स्मरणशक्तीचा पाडाव होणे हे ठरलेलेच आहे. शिवाय पत्ते वाटणारी प्रणाली व बॉट यांचा मालक एकच असेल, तर बॉटला कोणती पाने 'दिसतात' हेही बाहेरच्या व्यक्तीला तपासता येत नाही. छुप्या बॉटने कौशल्य आणि नशीब या दोहोंचीही मर्यादा ओलांडली, असे म्हणावे लागेल.

ऑनलाइन खेळ प्रोत्साहन व नियमन अधिनियम, २०२५ ने हा भेदच बाजूला सारला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या या कायद्यात ई-क्रीडा, ऑनलाइन सामाजिक खेळ व ऑनलाइन पैशाचे खेळ असे वर्गीकरण असून, तिसऱ्या वर्गातील खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो उपलब्ध करून देणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास व एक कोटी रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र गुन्हा आहे. जाहिरातीसाठी दोन वर्षे व ५० लाख रुपये अशी कमाल शिक्षा आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. कायद्याच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

या बंदीने बॉटचा प्रश्न मात्र निकाली निघत नाही. परदेशांतून चालणारी संकेतस्थळे आहेतच. ई-क्रीडा स्पर्धांना बक्षिसे असतात. सामाजिक खेळांतही वर्गणी व खरेदीच्या रूपाने पैसा गुंतलेला असतो. नवख्याला आधी दुबळ्या बॉटकडून जिंकवायचे आणि नंतर सरस बॉट पुढे करून आभासी शस्त्र विकायचे, हे तेथेही शक्य आहे.

ओळख पटविण्याचे उपाय

खेळाडूंचे बॉट पकडण्याचे मार्ग बऱ्यापैकी विकसित आहेत. माणसाच्या दोन कृतींमधील वेळ अनियमित असतो, बॉटचा ठाशीव असतो, माणूस झोपतो, एकाच उपकरणावरून अनेक खाती चालणे संशयास्पद असते. बॉटही आता मुद्दाम अडखळायला शिकले आहेत. त्यामुळे निकष कडक केले तर प्रामाणिक खेळाडू हकनाक बाद होतो आणि सैल केले तर बॉट सुटतो. संख्याशास्त्रातील दोन प्रकारच्या चुकांचा हा पेच कोणत्याही तंत्राने पूर्णतः सुटत नाही.

ओळख सक्तीची करणे हा आणखी एक मार्ग होय. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणात पहिल्या पाच मिनिटांत खात्यात प्रवेशाच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असल्याचे आढळल्यावर सुमारे अडीच कोटी खाती निष्क्रिय करण्यात आली व १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ आरक्षणासाठी आधार प्रमाणीकरण आवश्यक झाले. आरक्षणाच्या बाबतीत हे समर्थनीय आहे. फावल्या वेळातील खेळासाठी प्रत्येकाची ओळख मागणे हे मात्र खाजगीपणाच्या दृष्टीने महाग पडेल, आणि कंपनीच्या स्वतःच्या बॉटला त्याने अटकाव होणारच नाही.

तेथे सक्तीचे प्रकटीकरण हाच मार्ग उरतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात विक्रीसाठी ओळख लपवून बॉट वापरण्यास मनाई करणारा कायदा १ जुलै २०१९ पासून अमलात आला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यातही, समोर यंत्र आहे हे व्यक्तीस कळविण्याची तरतूद आहे. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांना मनाई केली; त्या यादीत छुप्या प्रतिस्पर्ध्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. तो समाविष्ट करण्यास नवा कायदा लागत नाही. पटावरील बॉटच्या नावापुढे तसे स्पष्ट लिहिणे, एवढीच अट पुरेशी आहे.

अट मोडल्याचे सिद्ध करणे हे काम अर्थातच तपास अधिकाऱ्याकडे येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ड नुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण अस्तित्वातच नसलेल्या माणसाचे सोंग ही तोतयेगिरी ठरते काय, यावर युक्तिवाद संभवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणुकीची व्याख्या येथे अधिक उपयुक्त वाटते. दोन्हींसाठी लागणारा पुरावा मात्र एकाच ठिकाणी, कंपनीच्या सर्व्हरवरील नोंदींत असतो. कोणते खाते कोणत्या उपकरणावरून चालले, त्यात कधी पैसे भरले वा काढले गेले, हे तेथेच कळते. ज्या खात्याला ना उपकरण आहे ना बँक खाते, तरीही जे हजारो डाव खेळले आहे, ते पुरेसे बोलके असते. सीईआरटी-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवणे बंधनकारक आहे. पैसे गमावलेल्या व्यक्तीने १९३० या क्रमांकावर तक्रार करण्यास सहा महिन्यांहून अधिक काळ लावला, तर अधिकारी सर्व्हरपर्यंत पोहोचेतोवर त्या नोंदी पुसल्या गेलेल्या असू शकतात.