थडग्यातून आलेला मुलगा

सन १९४२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत, जपानी फौजांच्या विजयाचे नगारे अद्याप पुरते थंडावलेले नसताना, वीस वर्षांच्या एका तरुणाने चारशे चौकटी छापलेल्या लेखन-कागदाचे अडतीस कागद आपल्या मनातील कल्लोळाने भरून काढले. आणि पुढे युद्ध, उपासमार, अपंगत्व, दारिद्र्य व अखेरीस अलोट कीर्ती ही सगळी स्थित्यंतरे त्याच्या आयुष्यावरून वाहून जात असता ते कागद घरातल्या जुन्या पत्रव्यवहारात निमूटपणे पडून राहिले. सन २०१५ मध्ये घरच्यांना ते सापडले आणि त्याच वर्षी ‘शिंचो’ या प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिकाच्या ऑगस्टच्या अंकात छापले गेले, तेव्हा त्यांचा लेखक हयात होता, त्र्याण्णव वर्षांचा होता, आणि ज्याच्या भुताखेतांवाचून एकाही जपानी मुलाचे बालपण पुरे होत नाही असा तो मिझुकी शिगेरू होता.

मिझुकींच्या चित्रकथांचा नाद मला गेली कित्येक वर्षे लागलेला आहे. ज्यांना मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, म्हटले की केवळ तेझुका ओसामू आठवतात, त्यांच्याशी वाद घालण्यात मी पुष्कळ संध्याकाळी खर्ची घातल्या आहेत. परंतु या अडतीस कागदांविषयी वाचले तेव्हा, आजवर आपण या माणसाला उलट्या बाजूने वाचत होतो, असे मला तीव्रतेने वाटले. भुतांची चित्रे काढणारा एक विनोदी, झोपाळू, एकहाती वृद्ध ही त्यांची लोकप्रिय प्रतिमा. या कागदांतला तरुण मात्र विनोदी नाही. सैन्यभरतीचा हुकूम केव्हाही दारात येईल हे त्याला ठाऊक आहे. मृत्यू डोळ्यांपुढून हलत नाही. जिथे रोज हजारो माणसे मरत आहेत तिथे चित्रकला कशासाठी आणि तत्त्वज्ञान तरी कशासाठी, या प्रश्नाने तो जर्जर झालेला आहे. कधी तो कलेचा आसरा घेतो, कधी तत्त्वचिंतनाचा, कधी धर्माचा. एका पानावर बांधलेला निर्धार दुसऱ्या पानावर ढासळतो. एकरमानने टिपलेली जर्मन कवी गटेची संभाषणे हा त्याचा त्या काळचा नित्यपाठ होता, व तो ग्रंथ त्याने पुढे रणभूमीवरही सोबत नेला. मरणाला सामोरे कसे जावे हे वायमारच्या त्या महापुरुषाकडून शिकता येईल, अशी त्या कोवळ्या मनाची श्रद्धा होती.

वस्तुतः मरणाविषयीचा पहिला पाठ त्याला फार आधी, व अगदी निराळ्या गुरूकडून, मिळालेला होता. मुरा शिगेरू हे त्याचे मूळ नाव. जन्म ८ मार्च १९२२ चा, ओसाका येथला. पण बालपण गेले ते तोत्तोरी इलाख्यातील साकाइमिनातो या जपानी समुद्राकाठच्या बंदरगावात. स्वतःचे नाव त्याला नीट उच्चारता येत नसे. ‘शिगेरू’चे ‘गेगेरू’ होई, म्हणून मित्र त्याला ‘गेगे’ म्हणत. त्याच्या घरी कामाला येणारी कागेयामा फुसा नावाची एक वृद्धा होती. बुद्धाची सेवा करणाऱ्यांना त्या भागात ‘नोन्नोन’ म्हणत, त्यावरून तिला ‘नोन्नोनबा’, म्हणजे नोन्नोन-आजी, हे नाव पडले होते. ती अत्यंत दरिद्री होती, पण अदृश्य सृष्टीची तिला खडान्खडा माहिती होती. न घासलेल्या न्हाणीतला मळ रात्री येऊन कोण चाटतो, छतावरचे डाग कोणाच्या जिभेचे आहेत, निर्मनुष्य वाटेवर पाठीमागून पावले वाजू लागली तर वाट सोडून बाजूला व्हावे आणि ‘बेतोबेतोसान, आपण पुढे व्हा’ असे अदबीने म्हणावे, हे सारे तिनेच त्याला शिकवले. गावातल्या शोफुकुजी मंदिरात नरकलोक व स्वर्गलोक दाखवणारी जुनी चित्रे आहेत; त्यांच्यापुढे तिने त्या पोराला उभे केले. या सृष्टीतल्या जीवांना जपानी भाषेत ‘योकाइ’ म्हणतात. आपला ‘भूत’ हा शब्द त्यांना पुरत नाही, कारण योकाइ होण्यासाठी आधी मरावे लागत नाही. ओसाड जागा, विचित्र आवाज, विसरलेली वस्तू, यांतूनही तो उपजतो.

यथावकाश हुकूम आला. तोत्तोरीच्या पलटणीत त्याला बिगुल वाजवण्याचे काम मिळाले, आणि बिगूल काही केल्या वाजेना. बदली मागितल्यावर वरिष्ठाने विचारले, उत्तरेस की दक्षिणेस? थंडीचा तिटकारा म्हणून त्याने दक्षिण सांगितली. दक्षिण म्हणजे न्यू ब्रिटन बेटावरील राबाउल! ज्या जहाजातून त्याची रवानगी झाली ते ‘शिनानो मारू’, म्हणजे १९०५ साली त्सुशिमाच्या लढाईपूर्वी रशियन आरमाराचा माग काढणारे तेच ऐतिहासिक जहाज, आता मोडकळीस आलेले. या राबाउलशी आपलाही एक दुःखद संबंध आहे, ज्याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही: सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकी हजारोंना जपान्यांनी याच बेटावर मजुरीसाठी आणून टाकले, आणि त्यांतले कित्येक परतले नाहीत. राबाउलजवळच्या बिता पाका येथील युद्धस्मशानात हिंदी फौजेतले लोकही चिरविश्रांती घेत आहेत.

बायेन नावाच्या एका पुढच्या ठाण्यावर दहाजणांच्या तुकडीत शिगेरू तैनात होता. एके दिवशी पहाटेच्या पहाऱ्यावर दुर्बिणीतून रानातले पोपट पाहण्यात तो इतका रमला की साथीदारांना उठवण्यास विलंब झाला. आणि त्याच वेळी ठाण्यावर हल्ला होऊन बाकीचे सर्व मारले गेले. त्याने समुद्रात उडी घेतली, आणि पुढे कित्येक दिवस जवळजवळ विवस्त्र अवस्थेत किनारा व अरण्य तुडवत तो आपल्या लोकांपर्यंत पोहोचला. त्या वाटचालीत, काळोख्या रानात, एका जागी त्याला पुढे पाऊल टाकताच येईना. डोळ्यांना काही दिसत नव्हते, पण भिंत होती. थकून तो बसला, आणि काही वेळाने ती भिंत नाहीशी झाली. नोन्नोनबाने सांगितलेली ‘नुरिकाबे’ ती हीच, अशी त्याला खूण पटली. तळावर पोहोचल्यावर मात्र, सगळे मेले असता तू जिवंत का आलास, हा प्रश्न त्याच्यापुढे टाकण्यात आला. पुढे हिवतापाने अंथरुणास खिळला असताना विमानहल्ल्यात त्याचा डावा हात निकामी झाला, व तो भुलीच्या औषधावाचून कापावा लागला.

त्या मुलखातील तोलाइ लोकांनी याच काळात त्याला आपलेसे केले. ते त्याला ‘पाउलो’ म्हणत. त्यांच्याबरोबर तो रताळी खाई, गप्पा मारी, आणि युद्ध संपल्यावर जमीन व घर देऊ, इथेच राहा, असे त्यांनी सुचवले तेव्हा त्याने ते मनावर घेतले. आधी घरी जाऊन आईबापांना भेटून ये, असा सल्ला एका लष्करी डॉक्टराने दिला नसता, तर जपानी चित्रकथेचा इतिहास निराळा झाला असता. सात वर्षांत परत येतो असे वचन देऊन तो १९४६ साली ‘युकिकाझे’ या विनाशिकेवरून मायदेशी निघाला. वचन पाळायला पंचवीसएक वर्षे लागली. पण ते पाळले गेले, आणि तोपेतोरो नावाच्या त्याच्या मित्राला त्याची ओळख पटली.

मधली वर्षे मी झरझर ओलांडतो. कलाशाळेतले अर्धवट शिक्षण, काळ्या बाजारातली मासळी, भाड्याच्या सायकलरिक्षा, असे एकामागून एक उद्योग झाले. थोरला भाऊ सोहेइ युद्धकैद्यांच्या हत्येबद्दल युद्धगुन्हेगार ठरून सुगामोच्या तुरुंगात पडलेला. शेवटी कोबे येथे मिझुकी नावाच्या रस्त्यावरची एक भाडोत्री चाळ हाती आली. तिचे नाव ‘मिझुकी-सो’. तिथे ‘कामिशिबाइ’ करणारे सुझुकी कात्सुमारू यांच्याशी गाठ पडली. कामिशिबाइ म्हणजे सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली चित्रे दाखवीत गोष्ट सांगण्याचा व मुलांना गोळ्या विकण्याचा धंदा. त्यासाठी चित्रे रंगवणारा माणूस हवा होता. सुझुकी त्यांना ‘मिझुकीसान’ अशीच हाक मारीत, आणि चाळीचे नाव माणसाला चिकटले ते कायमचे.

ज्या कितारो नावाच्या नायकाने त्यांना अमर केले तो मुळात त्यांचा नव्हे. मिझुकींचे अनेक भक्त ही गोष्ट दबक्या आवाजात बोलतात; मला तिच्यात लपवण्यासारखे काही वाटत नाही. पोटात मूल असताना मरून पुरली गेलेली आई थडग्यातच प्रसूत होते, आणि रात्री भूत होऊन दुकानातून बाळासाठी गोळ्या विकत आणते, ही जपानातली जुनी लोककथा. तिच्यावरून इतो मासामी यांनी १९३० च्या दशकात ‘हाकाबा कितारो’, म्हणजे स्मशानातला कितारो, ही कामिशिबाइची मालिका रचली व ती अफाट चालली. १९५४ साली सुझुकींनी ही हकीकत मिझुकींना सांगितली, आणि इतो यांची संमती घेऊन मिझुकींनी आपला कितारो रंगवायला घेतला. तो मात्र फारसा चालला नाही. पुढे दूरचित्रवाणीने कामिशिबाइचा धंदाच बुडवला, तेव्हा मिझुकी तोक्योला येऊन भाड्याने वाचायला मिळणाऱ्या पुस्तकांसाठी चित्रकथा काढू लागले, आणि १९६० साली तोगेत्सु शोबो या प्रकाशनाच्या ‘योकिदेन’ या मालिकेत कितारोला त्यांनी थडग्यातून पुन्हा बाहेर काढले.

ती पहिली कथा आजही अंगावर येते. रक्तपेढीत नोकरी करणारा मिझुकी नावाचाच एक गृहस्थ, शेजारच्या पडक्या मंदिरात राहणारे भूतवंशातले शेवटचे जोडपे, आणि त्यांच्या मृत्यूनंतर ओल्या मातीतून रांगत वर येणारे मूल. तो गृहस्थ भीतीने त्या अर्भकाला झिडकारतो, ते थडग्याच्या दगडावर आपटते व त्याचा डावा डोळा जातो. आणि कुजलेल्या बापाचा एक डोळा गळून, हातपाय फुटून, मुलाच्या रक्षणासाठी चालू लागतो. ‘योकिदेन’ दोन अंकांत बंद पडले. परंतु एका वाचकाचे उत्साहपूर्ण पत्र आले, व त्या बळावर कितारोची स्वतंत्र मालिका सुरू झाली.

मग तंटा उद्भवला. प्रकाशक मोबदला देईना. तगादे व्यर्थ गेले. तिसऱ्या पुस्तकानंतर मिझुकी बाहेर पडले, आणि नागाइ कात्सुइची यांच्या सान्योशा या प्रकाशनाकडे जाऊन ‘कितारो योबानाशी’ काढू लागले. तेव्हा पहिल्या प्रकाशकाने, जणू ही मिळकत आपल्या दप्तरी नोंदलेली आहे अशा थाटात, ताकेउची कान्को नावाच्या दुसऱ्या चित्रकाराकरवी चौथ्या अंकापासून ‘हाकाबा कितारो’ चालूच ठेवला! काही काळ भाड्याच्या दुकानांतून एकाच नावाचे दोन एकाक्ष पोरगे हिंडत होते. या ताकेउचींविषयी मला अनुकंपा वाटते. हुकमाप्रमाणे दुसऱ्याचे पात्र चालवणारा, पोटासाठी चित्रे काढणारा हा माणूस मिझुकींहून फारसा निराळा नव्हता; ज्या धंद्यात कोणालाच धड पैसे मिळत नव्हते, तिथे चोर कोणाला म्हणावे? दरम्यान नागाइ क्षयाने आजारी पडले, सान्योशा मोडली, आणि त्या गोंधळात ‘कितारो योबानाशी’च्या पाचव्या भागाचे तयार हस्तलिखितच गहाळ झाले. ते आजतागायत मिळालेले नाही. पहिल्या प्रकाशकाशी मिझुकींचा पुढे समेट झाला, ‘कप्पा नो सान्पेइ’ त्याच्याचकडे निघाले, व मग ती संस्थाही बुडाली. ‘आकुमा-कुन’चा संकल्प पाच खंडांचा, पण तो तिसऱ्याच खंडात गुंडाळावा लागला.

याच काळात, ३० जानेवारी १९६१ रोजी, त्यांचा विवाह झाला. यासुगीच्या इइझुका नुनोए यांना पाहण्याचा कार्यक्रम झाल्यापासून पाचव्या दिवशी लग्न! चोफूच्या जीर्ण घरात नुनोएबाई पतीच्या चित्रांत शाई भरीत. आणि पैशांची एवढी टंचाई असताना दोघे मिळून बुडालेल्या आरमाराच्या छोट्या प्रतिकृती जोडीत बसत. पुढे २००८ साली नुनोएबाईंनी लिहिलेल्या आत्मवृत्तावर दूरचित्रवाणीची मालिका निघून घराघरांत गेली.

यशाची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. बऱ्या झालेल्या नागाइंनी १९६४ मध्ये ‘गारो’ हे मासिक काढले, त्यात मिझुकी आले, १९६५ च्या ‘तेरेबी-कुन’ला कोदान्शाचे पारितोषिक लाभले, कितारो साप्ताहिकात गेला, स्मशान हा शब्द जाहिरातदारांना रुचेना, म्हणून बालपणीच्या त्या बोबड्या ‘गेगे’वरून ‘गेगेगे नो कितारो’ हे नाव ठेवले गेले, आणि १९६८ च्या जानेवारीत तो पडद्यावर आला. लोकसाहित्याचे आचार्य यानागिता कुनिओ यांनी ज्यांची नुसती वर्णने टिपून ठेवली होती, त्या देहहीन योकाइंना मिझुकींनी चेहरे दिले. अरण्यात आडवी आलेली ती अदृश्य भिंत आता डोळे व पाय असलेली, कितारोची भली मित्र झाली.

परंतु १९७३ साली त्यांनी एक पुस्तक काढले, त्यात योकाइ नाहीत. ‘सोइन ग्योकुसाइ सेयो’, म्हणजे सर्वांनी सन्मानाने मरावे, असे फर्मान. न्यू ब्रिटनवरील एका तुकडीला आत्मघातकी हल्ल्याचा हुकूम होतो. काही शिपाई त्यातून वाचतात. परंतु त्यांच्या मृत्यूची वार्ता वर गेलेली असल्यामुळे त्यांचे जिवंत असणे हाच अपराध ठरतो, आणि त्यांना पुन्हा मरायला धाडले जाते. यातला नव्वद टक्के भाग सत्य आहे, असे मिझुकींनी उत्तरलेखात नमूद केले आहे. माणसांचे चेहरे साधे, व्यंग्यचित्रातले, आणि त्यांच्याभोवतीचे अरण्य, सागर व प्रेते मात्र छायाचित्रासारखी काटेकोर. ही त्यांची रीत इतरत्र मोहक वाटते, इथे तिच्याकडे पाहवत नाही. युद्धाविषयी लिहू लागलो की आवरत नाही असा संताप मनात उसळतो, व तो बहुधा मेलेल्यांच्या आत्म्यांनीच चेतवलेला असावा, अशी कबुली त्यांनी तिथे दिलेली आहे. माझ्या मते नोन्नोनबाच्या शिष्याचे खरे श्राद्धकर्म या वाक्यात आहे.

उरलेला दहावा हिस्सा शेवटात आहे. प्रत्यक्षात त्या तुकडीतले काही लोक वाचले. पुस्तकात कोणी वाचत नाही. त्यातला मारुयामा नावाचा शिपाई, जो चित्रे काढतो, थपडा खातो, सदैव भुकेला असतो, तो स्वतः मिझुकीच होय, हे चेहऱ्यावरूनही कळते. सगळे पडल्यावर तो एकटा प्रेतांमधून धडपडत उठतो, आणि गोळी लागून त्याच रानात संपतो. त्यानंतरच्या पानांवर फक्त हाडे आहेत. १९४२ च्या शरदात ज्या मरणाच्या भयाने अडतीस कागद भरले गेले होते, ते मरण एकतीस वर्षांनी त्यांनी आपल्या उरलेल्या उजव्या हाताने, चौकटीमागून चौकट, रेखाटून पुरे केले.