दिव्याखालचा अंधार सोडला, तर गोड सिनेमा: 'फेलिसिटी'

घरातल्या मुलांसोबत बघायला हा २००५चा टीव्ही-चित्रपट जरूर शोधा! दिग्दर्शिका नादिया टास, निर्मात्यांमध्ये चक्क जूलिया रॉबर्ट्स आणि नायिका शेलीन वुडली, म्हणजे पुढे 'डायव्हर्जंट' गाजवणारी तीच. मूळ पुस्तकं व्हॅलरी ट्रिप यांची.

काळ अमेरिकन क्रांतीच्या तोंडावरचा, गाव व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग. फेलिसिटीला शिवणटिपण, चहा ओतण्याची रीतभात यात काडीचा रस नाही. जीव सगळा पेनी नावाच्या घोडीत. क्रूर मालकाच्या तावडीतल्या या घोडीला माणसाळवायला ती वडिलांच्या दुकानातल्या शिकाऊ बेनची विजार उसनी घेऊन पहाटे गुपचूप निघते. हा भाग सगळ्यात बहारदार!

इंग्रजांनी चहावर कर लावल्याने वडील दुकानात चहा विकणंच थांबवतात. आजोबा मात्र राजाचे पक्के निष्ठावंत. एवढा मोठा राजकीय झगडा एका घरात, एका कपावर आणून ठेवलाय. लेखिकेला सलाम!

एक खटकतंच. तेव्हाच्या विल्यम्सबर्गमध्ये जवळपास निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती, त्यातले बहुतेक गुलाम. स्वातंत्र्याच्या एवढ्या गप्पांत ते कडेलाच राहतात. मुलांनी विचारलं तर सांगा.